विजेच्या ट्रामपासून चुंबकसूची वाचविणारे नानाभाई मूस

नवीन पनवेलमध्ये कळंबोलीकडे जाणाऱ्या महामार्गालगत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास हे या संस्थेचे काम. मात्र तिची सर्वात जुनी व सर्वात मानाची वेधशाळा पनवेलमध्ये नाही, ती अलिबागला आहे. पनवेलला विजेवर धावणाऱ्या गाड्या आहेत, लोखंडी पूल आहेत, कारखाने आहेत, लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. चुंबकसूचीला यांतले काहीच सोसवत नाही. माणसाच्या वस्तीतून, धातूच्या तारांमधून वाहणाऱ्या विजेपासून तिला दूर नेले पाहिजे, हे एका पारशी शास्त्रज्ञाने सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत ओळखले. त्यांचे नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांमध्ये हे नाव जगभर आदराने घेतले जाते. ज्या शहरात त्यांची हयात गेली, तिथे मात्र ते फारसे कोणाच्या ओठांवर नाही.

मूस यांचा जन्म मुंबईत 29 ऑक्टोबर 1859 रोजी झाला. त्याच्या आठच आठवडे आधी, सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, इतिहासातील सर्वात प्रचंड चुंबकीय वादळांपैकी एक पृथ्वीवर येऊन आदळले होते. सूर्यावर स्फोट झाला आणि काही तासांत जगभरच्या चुंबकसूच्या थरथरू लागल्या. तारायंत्राच्या लांबलचक तारांमध्ये आपोआप वीज खेळू लागली. अमेरिकेत बोस्टन ते पोर्टलंड या मार्गावरील तारबाबूंनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि आकाशातून आलेल्या त्या विजेवरच काही काळ निरोप पाठविले. मुंबईतही हे वादळ टिपले गेले. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी खाली कोसळल्याची नोंद झाली. पुढे ज्या माणसाने ही नोंदवही जपली आणि तिची संगती लावली, तो त्या वेळी अजून जन्माला यायचा होता.

मूस यांचे शिक्षण प्रथम अभियांत्रिकीचे. पुण्याच्या सायन्स कॉलेजमधून त्यांनी त्या काळची एल. सी. ई. ही स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळविली आणि नंतर एडिंबरा विद्यापीठातून बी. एस्सी. केले. त्या काळी तेथे भौतिकशास्त्राच्या अध्यासनावर पीटर गथ्री टेट होते आणि वीज व चुंबकत्व यांचा एकत्रित विचार ही त्या विद्येची सर्वात ताजी पालवी होती. विजेचा प्रवाह वाहिला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते, हे ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये दाखविले होते आणि मॅक्सवेल यांनी त्याला गणिताचे रूप दिले होते. एडिंबऱ्याच्या रॉयल सोसायटीनेही मूस यांना आपले फेलो करून घेतले. मायदेशी परतल्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवीत. बांधकामाचे ज्ञान आणि विजेचे ज्ञान एकाच माणसापाशी असणे ही पुढे फार उपयोगाची गोष्ट ठरली.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये स्थापन केली. तिथे चुंबकीय निरीक्षणे 1841 मध्ये सुरू झाली. मराठी वाचकाला या वास्तूशी जोडणारी दोन नावे आहेत. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कार्यभार सांभाळला होता आणि गणितज्ञ केरूनाना छत्रे यांनी उमेदीच्या वयात येथेच निरीक्षकाचे काम केले होते. नंतर चार्ल्स चेंबर्स यांनी तीस वर्षे वेधशाळेला शिस्त लावली. त्यांच्यानंतर 1896 मध्ये संचालकपदाची सूत्रे मूस यांच्याकडे आली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांची नोंद होते. जांभेकरांचा काळ हा प्रभारी होता. ते वर्ष मुंबईच्या दृष्टीने वाईट होते. त्याच वर्षी शहरात प्लेग शिरला आणि पुढील काही महिन्यांत निम्मे शहर ओस पडले. वेधशाळेचे तासातासाचे काम मात्र चालूच राहिले. भूकंपमापनाची सुरुवातही मूस यांच्याच काळात, 1898 च्या सुमारास, मिल्न यांच्या यंत्राने कुलाब्यास झाली.

खरे संकट आले ते वेगळ्याच वाटेने. मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 पासून धावत होती आणि तिच्या पहिल्या मार्गाचे एक टोक कुलाब्यालाच होते. ट्राम कंपनीने 1899 मध्ये विजेवर ट्राम चालविण्याची परवानगी नगरपालिकेकडे मागितली. घोड्यांना चारा लागतो, ते थकतात, उन्हाळ्यात कोसळतात. विजेला यांतले काही होत नाही. शहराच्या दृष्टीने ही मागणी अगदी रास्त होती. वेधशाळेच्या दृष्टीने तो मृत्युलेख होता.

असे का, हे कळण्यासाठी तारेच्या आत डोकवावे लागते. तांब्याच्या तुकड्यात अणू एका जाळीत घट्ट बसलेले असतात, पण प्रत्येक अणूचा एक बाहेरचा इलेक्ट्रॉन कोणा एकाचा राहत नाही. तो साऱ्या तुकड्याचा होतो आणि अणूंच्या जाळीतून मोकळा हिंडतो. लाकडात किंवा चिनी मातीत असे मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात, म्हणून ते पदार्थ विजेला अडवितात. तारेच्या दोन टोकांत विद्युतदाब लावला की या इलेक्ट्रॉनांच्या सैरावैरा धावण्यावर एका दिशेची मंद सरक चढते. ती किती मंद असावी? एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही पुढे सरकत नाहीत. गोगलगाय त्यांच्यापेक्षा चपळ म्हणावी. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण सरकण्याचा हुकूम तारेभर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पोहोचतो आणि सारे इलेक्ट्रॉन एकाच वेळी हलू लागतात. वाटेत जाळीतील कंप पावणारे अणू आणि परके अणू त्यांना अडखळवितात. तोच तारेचा रोध आणि त्यातूनच तार तापते.

योगायोग असा, की ही उकल त्याच वर्षांत घडत होती. जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला तो 1897 मध्ये आणि पॉल ड्रूडे यांनी धातूतील इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंसारखे मोकळे असतात ही कल्पना मांडली ती 1900 मध्ये. तिची अपुरी बाजू पुंजभौतिकीने भरून काढायला आणखी सुमारे तीन दशके लागली. मुंबईतील वेधशाळेला तोवर थांबणे शक्य नव्हते. मूस यांना निर्णय घ्यायला इलेक्ट्रॉन कसे हलतात हे माहीत असण्याची गरजही नव्हती. प्रवाह किती, तो कोणत्या वाटेने जातो आणि ती वाट आपल्या यंत्रापासून किती दूर आहे, एवढे कळले तरी पुरेसे होते.

लांब सरळ तारेतून 100 अँपिअर प्रवाह जात असेल तर तिच्यापासून 200 मीटरवर सुमारे 100 नॅनोटेस्लांचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. मुंबईत त्या काळी पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 37 हजार नॅनोटेस्ला होता, म्हणजे त्यापुढे हे शंभर काहीच नव्हेत. पण शास्त्रज्ञाचे लक्ष त्या 37 हजारांवर नसते. सूर्याच्या उगवण्या-मावळण्याबरोबर क्षेत्रात रोज चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांचा जो चढउतार होतो, त्यावर असते. त्याहूनही बारीक लहरी चंद्रामुळे उठतात आणि त्या शोधायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. शेजारच्या रस्त्याने ट्राम सुरू झाली, थांबली, चढावर लागली की प्रत्येक वेळी सूची हलणार. ती सूर्यामुळे हलली की ट्रामच्या चालकामुळे, हे मग कोण सांगणार?

यातील खरी मेख रुळांत होती. ट्रामला वीज मिळते डोक्यावरच्या तांब्याच्या तारेतून आणि ती परत जाते पायाखालच्या रुळांतून. तारेतील आणि रुळांतील प्रवाह परस्परांच्या उलट दिशेने वाहतात. सगळा प्रवाह इमानाने रुळांतून परतला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रे थोड्या अंतरावर एकमेकांना बहुतांशी खोडून काढतात. पण तो तसा परतत नाही. पोलाद तांब्यापेक्षा सुमारे दहापट वाईट वाहक आहे आणि रुळांचे सांधे त्याहून वाईट. सांध्यांवर तांब्याच्या पट्ट्या जोडतात, त्या गंजतात, सैल होतात. रूळ जमिनीवर बसविलेले असतात आणि मुंबईची जमीन म्हणजे समुद्रात भर घालून केलेली ओलसर, खारट माती. त्या खाऱ्या पाण्यातील आयन वीज वाहून नेतात. रुळांत अडखळलेल्या प्रवाहाचा काही भाग असा जमिनीत उतरतो, वाटेल तिकडे पसरतो, पाण्याच्या लोखंडी नळांमध्ये शिरतो आणि मैल-मैल भटकून विजेच्या कारखान्याकडे परततो. त्याला खोडून काढणारी जोडी नसते. ट्रामचा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा असल्यामुळे सूची क्षणभर थरथरून जागेवर येत नाही, ती ढकललेलीच राहते.

ही अडचण एकट्या मुंबईची नव्हती. कॅनडात टोरोंटोच्या वेधशाळेने शहरातील विजेच्या ट्रामला कंटाळून 1898 मध्ये आपली यंत्रे अ‍ॅजिनकोर्टला हलविली होती. इंग्लंडमधील क्यू येथील चुंबकीय निरीक्षणेही पुढे लंडनच्या ट्राममुळे स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे न्यावी लागली. ती नवी वेधशाळा 1908 मध्ये सुरू झाली. मुंबईने मधला काळ नीट वापरला. ट्राम येण्याआधीच येथील वेधशाळा हलली, आणि श्रेय द्यायचे तर ते या आधी उचललेल्या पावलाला द्यायला हवे.

जागा ठरली अलिबागची. कुलाब्यापासून सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेला, मध्ये समुद्र, गावात ना रेल्वे ना ट्रामची शक्यता. अंतर एवढे की ट्रामच्या प्रवाहाचा हात तेथवर पोहोचू नये, आणि एवढे कमीही की आकाशातून येणारे चुंबकीय बदल दोन्हीकडे जवळजवळ सारखेच असावेत. अलिबाग हे तेव्हा ज्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते, त्याचेही नाव कुलाबाच. 1981 मध्ये ते रायगड झाले. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून निघाली आणि कुलाब्यातच राहिली, असे म्हणता येते.

तेथील इमारतीत मूस यांच्यातला अभियंता दिसतो. कोकणातला काळा कातळ हा बसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्या दगडाच्या भिंती उभ्या केल्या असत्या तर ट्रामपासून पळून जाऊन वेधशाळा भिंतींच्याच कचाट्यात सापडली असती. म्हणून पोरबंदरचा दगड समुद्रमार्गे आणला गेला आणि तो चुंबकीय नाही याची तपासणी करूनच वापरला गेला. साध्या घरात हजारो लोखंडी खिळे, बिजागऱ्या, कड्या, गज असतात. येथे लोखंड वर्ज्य होते; त्याची जागा पितळ, तांबे आणि लाकूड यांनी घेतली. तांबे हे विजेचे उत्तम वाहक, पण लोखंडासारखे चुंबकाला चिकटत नाही. ज्या धातूने ट्रामच्या तारेत घात केला असता, तोच येथे खिळ्याच्या रूपाने कामाला आला. दुसरा शत्रू उष्णता. चुंबकाची ताकद तापमानाबरोबर बदलते, म्हणून यंत्रांची खोली जाड भिंतींच्या आत अशी बंदिस्त केली की बाहेर दिवस-रात्रीत बराच फरक पडला तरी आत तो जवळजवळ जाणवू नये.

इमारत 1904 मध्ये सिद्ध झाली. कुलाब्यातील यंत्रे उचलायची आणि अलिबागला मांडायची, एवढ्यावर काम संपले असे कोणालाही वाटले असते. मूस यांनी तसे केले नाही. पुढची सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे चालू ठेवली गेली. दोन ठिकाणी माणसे, दोन ठिकाणी यंत्रे, दोन ठिकाणी हिशेब, आणि मिळणारे आकडे वरकरणी एकाच गोष्टीचे. खर्चाकडे पाहणाऱ्या कोणत्याही कारकुनाला ही उधळपट्टी वाटावी. पण प्रत्येक ठिकाणची जमीन वेगळी, खालचा खडक वेगळा, त्यामुळे क्षेत्राचा मूळ आकडाही वेगळा. दोन्ही ठिकाणांमधला फरक नेमका किती हे कळले नसते, तर 1840 च्या दशकापासूनची कुलाब्याची मालिका तेथेच तुटली असती आणि अलिबागची मालिका शून्यापासून सुरू झाली असती. भूचुंबकत्वात तुटलेली मालिका पुन्हा जोडता येत नाही, कारण गेलेला दिवस पुन्हा मोजता येत नाही. पृथ्वीच्या गाभ्यातील हालचालींमुळे होणारे बदल दशकांच्या मापाने घडतात. ते पाहण्यासाठी एकाच धाग्याची लांबी लागते. मूस यांनी दोन वर्षे घेऊन त्या धाग्याला गाठ मारली, आणि ती गाठ सुटलेली नाही.

कुलाब्यातील चुंबकीय नोंदी 1906 मध्ये थांबल्या. त्यानंतर वर्षभराने, 7 मे 1907 रोजी, मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. लोकांनी गर्दी केली, घोडे निवृत्त झाले, आणि समुद्रापलीकडे अलिबागच्या त्या शांत खोलीत सूचीने त्याची दखलही घेतली नाही. कुलाब्याला हवामानाचे व भूकंपाचे काम मागे राहिले.

वेधशाळा हलविणे हा मूस यांच्या कामाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा कागदावरचा होता आणि तो अधिक कष्टाचा होता. 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या कुलाब्यातील चुंबकीय नोंदी त्यांनी तपासल्या, शुद्ध केल्या, त्यांची कोष्टके लावली आणि 1910 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. तासाला एक नोंद धरली तरी एका घटकाच्या साठ वर्षांच्या नोंदी पाच लाखांच्या वर जातात. गणकयंत्र नाही, सगळा हिशेब हाताने. पहिल्या खंडात यंत्रे आणि आकडे, दुसऱ्यात त्यांची चर्चा. त्या चर्चेत चुंबकीय वादळांचा भाग महत्त्वाचा आहे. एकेकट्या वादळाचे रूप वेडेवाकडे असते. पण अनेक वादळे त्यांच्या आरंभापासून तास मोजून एकावर एक ठेवली की खालून एक ठरावीक घाट वर येतो. आडवा घटक आधी किंचित वाढतो, मग झपाट्याने घसरतो आणि नंतर पुढील काही दिवस हळूहळू मूळ पातळीकडे परततो. पुढे सिडनी चॅपमन यांनी चुंबकीय वादळांचा जो सिद्धांत उभारला, त्याच्या पायाशी मुंबईच्या या नोंदी आणि मूस यांचे हे विश्लेषण आहे.

दोन दशकांहून अधिक काळ संचालकपद सांभाळून मूस निवृत्त झाले आणि 1936 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच मुंबईच्या जमिनीत आणखी वीज उतरली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर 1500 व्होल्टच्या डीसी विजेवर देशातली पहिली विद्युत रेल्वे धावली. ट्रामच्या मानाने तिचा प्रवाह कितीतरी मोठा. ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद झाली, रूळही काळाच्या ओघात उखडले गेले किंवा डांबराखाली गेले. तरी चुंबकसूचीसाठी कुलाब्याला परतण्याचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. भूचुंबकत्वाचे काम 1971 मध्ये स्वायत्त संस्थेकडे आले आणि कुलाब्यात रुजलेली ती संस्था पुढे पनवेलला स्थिरावली.

मूस यांनी सांधलेल्या नोंदींचे मोल 2003 मध्ये पुन्हा एकदा दिसले. सूर्याच्या वादळाने आजच्या वीजवाहिन्यांचे काय होईल, हा प्रश्न तेव्हा जगाला पडू लागला होता. हजारो किलोमीटर लांबीच्या त्या धातूच्या तारांमध्ये चुंबकीय वादळ प्रवाह निर्माण करते आणि तो रोहित्रांना जाळू शकतो. मार्च 1989 मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळाने नऊ तास गेली होती. सर्वात वाईट वादळ किती मोठे असू शकते, याचा अंदाज घेण्यासाठी 1859 चे वादळ तपासायचे ठरले, तेव्हा भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी हाती घेतली ती कुलाब्याची नोंद. विषुववृत्ताच्या जवळपासच्या प्रदेशातून त्या वादळाची इतकी स्पष्ट नोंद दुसरीकडे मिळत नाही. 1600 नॅनोटेस्लांची ती घसरण पूर्णपणे वादळामुळेच झाली की तिच्यात वातावरणातील इतर प्रवाहांचाही वाटा होता, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याजवळ पोरबंदरी दगडाची ती इमारत आजही उभी आहे. सूची आणि छायाचित्रणाच्या कागदाची जागा आता अंकीय यंत्रांनी घेतली आहे. ती यंत्रे टिपतात त्या आकड्यांचा अभ्यास पनवेलच्या मुख्यालयात होतो, आणि तेथून काही अंतरावर विजेच्या गाड्या दिवसभर धावत असतात.